गोदाकाठ : पायी आणि चाकांवर

आमच्या लहानपणी ओझरहून नाशकाला जायचं म्हणजे 'गंगेवर' जायचं. गोदावरीला इकडचा माणूस गंगाच म्हणतो. गावात आमची बाणगंगा होती, चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा भरे, बारागाड्या ओढल्या जात. पण नुसतं 'गंगा' म्हटलं की ती वीसेक किलोमीटरवरची. सुतक फिटायचं ते तिथं, सिंहस्थाची अंघोळ तिथं, आणि आईच्या मते नाशकातली बरी भांडी मिळायची तीही तिथंच, काठावरच्या भांडीबाजारात.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून महिन्यातला एक रविवार मी या काठानं पायी फिरतो. कादंबरीसाठी फिरतो, असं घरी सांगितलेलं आहे. कादंबरी काही पुढं सरकलेली नाही. गेल्या खेपेला नातू बरोबर होता. वय अकरा, आणि नवं वेड स्केट्सचं. ओझरच्या रस्त्यांवर ती चाकं चालत नाहीत, आणि महामार्गाच्या कडेला त्याला सोडायची माझी छाती नाही. म्हणून सकाळच्या बसनं निमाणीला उतरलो आणि रिक्षानं आनंदवली गाठली. तिथून रामवाडीकडं यायला गोदापार्कची वाट आहे.

काठावरची अशी आखीव वाट मला मुळात आवडत नाही, पण खरं ते सांगतो. पूर्वी या बाजूला सहज म्हणून कोणी फिरकत नसे. आता सकाळी बायका निर्धास्त चालतात, आणि माझ्यासारखे गुडघे धरून चालणारे मध्येच बाकावर टेकतात. सायकलवाले तर विचारू नका. २०१५ साली नाशिकच्या दोघा महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी शर्यत सायकलनं पुरी केली, तेव्हापासून शहरातला जो तो हेल्मेट घालून हिंडतो. आमचा गडी गुळगुळीत जागा शोधत पुढं सुटला. "आजोबा, इथं मस्त काँक्रीट आहे!" एवढंच मला मागं ऐकू येत होतं.

होळकर पुलापाशी आलो. १८९५ सालचा हा दगडी पूल, जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. पुलाखालून पुढं रामकुंड. तिथं मी त्याला स्केट्स काढायला लावल्या. घाटावर चाकं नकोत, एवढंच म्हणालो. कारण सांगायला मला जरा वेळ लागला असता.

वडील गेले १९८९ साली. अस्थी विसर्जित करायला मी कुंडात उतरलो, तेव्हा तळाशी एका जागी पायाला एकदम गार लागलं. "झरा आहे, बाबा," गुरुजी म्हणाले. या काठावर रामकुंडासारखी कितीतरी जुनी कुंडं होती, आणि त्यांना स्वतःचे जिवंत झरे होते. नदी आटली तरी कुंड भरलेलं, ते त्यामुळं. २००३ च्या सिंहस्थाआधी गर्दीला उभं राहता यावं म्हणून या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. गर्दीची सोय झाली हे खोटं नाही. झऱ्यांचं काय, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारलं. पुढं ते गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आई गेली २०१६ च्या एप्रिलात. त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं होतं. टँकरनं पाणी आणून ओतत होते, आणि त्या घोटाभर पाण्यात मी आईच्या अस्थी सोडल्या. पायाखाली कोमट, सपाट काँक्रीट. गुरुजी नवे होते, तरुण. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या आरंभी असा पूर आला की हाच घाट, हीच दुकानं आणि वरची गोदापार्कची वाटही पाण्यात गेली. चार महिन्यांत दोन्ही पाहिलं.

नातवाला दुतोंड्या मारुती दाखवला. नाशिककरांचं पूर मोजायचं माप हेच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की पेठेतला माणूस आधी विचारतो, मारुती कुठवर बुडाला? पाय, कंबर, छाती, गळा. २००८ च्या सप्टेंबरात मी जुन्या गावातल्या एका शाखेत होतो. मारुती दिसेनासा झाला, पाणी सराफबाजारात शिरलं. आमच्या तळघरातले जुने गठ्ठे आम्ही पुढं आठवडाभर गच्चीवर वाळत घालत होतो. शाई उतरली, आकडे एकमेकांत मिसळले. कोणाचं देणं कोणाचं घेणं, काही कळेना. साहेब हसले नाहीत. मला मात्र हसू आवरेना.

"याच्याही वर पाणी गेलं होतं?" नातू मान वर करून बघत होता.

"१९६९ साली, मी तुझ्याएवढा असताना, आणखी वर." मी नारोशंकराच्या देवळाकडं बोट केलं. १७४७ सालचं ते मंदिर, आणि वसईच्या विजयातली ती घंटा. वडिलांनी मला पूर दाखवायला आणलं होतं. पुलावर जाऊ देत नव्हते, गल्लीच्या तोंडाशी उभे राहून आम्ही नुसता आवाज ऐकला.

आता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी काठाचं रूप पुन्हा पालटायचं ठरलं आहे. घाट व्हावेत, वाटा व्हाव्यात. लाखो माणसं यायची तर ती उभी कुठं राहणार? नातवाची चाकंही मला दिसतात. माझं मागणं लहान आहे. वाट काठावर घाला, कितीही गुळगुळीत घाला, पण तळ मोकळा ठेवा. काही कुंडांतलं काँक्रीट मध्यंतरी फोडून काढलं, म्हणजे ते करता येतं.

हे सगळं मी त्याला सांगत होतो, तेवढ्यात हा पठ्ठ्या पायऱ्या उतरून पाण्यात. गळ्यात स्केट्स तशाच लोंबत होत्या. वाकून तळाशी हात फिरवत होता.

"गार लागतं का कुठं?" मी वरून विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला आणि दोन पावलं पुढं सरकला.

परतीच्या बसमध्ये तो आडगाव यायच्या आधीच झोपला. संध्याकाळी अंगणात बसून, स्केट्सच्या चाकांत अडकलेला गाळ तो काडीनं काढत होता.