चिपच्या कारखान्यातील चिलर आणि विजेचा खर्च

फ्रिज-एसी दुरुस्तीचा धंदा करणारे कारागीर आपल्या समाजात गावोगावी आहेत. कॉम्प्रेसर आणि गॅस यांतच त्यांची हयात जाते. संगणक व मोबाईलच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यांचे कामही याच यंत्रणेवाचून अडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

चिप तयार होते ती सिलिकॉनच्या पातळ गोल चकतीवर. मोठ्या कारखान्यांत या चकतीचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. तापमान एका अंशाने वाढले की एवढी चकती सुमारे ८०० नॅनोमीटरने रुंदावते. तिच्यावरील बारीक रेषा मात्र काही दहा नॅनोमीटरच्याच असतात, आणि नक्षीचा एक थर दुसऱ्यावर नेमका बसावा लागतो. ठशांनी कापड छापणाऱ्यास हे समजावून सांगायला नको. दुसरा रंग जरा सरकला की माल वाया. म्हणून छपाईच्या यंत्रात अंशाच्या शंभराव्या भागाचाही फरक चालत नाही.

कोरीव कामाची तऱ्हा आणखी वेगळी. ते निर्वात पेटीत, प्लाझ्माच्या साहाय्याने होते. चकती तापते, पण पेटीत हवाच नसल्याने उष्णता जाणार कोठे? त्यासाठी चकतीच्या पाठीमागे थोडा हेलियम वायू सोडतात. तो उष्णता खालच्या बैठकीला देतो आणि बैठकीतून फिरणारा द्रव ती चिलरकडे नेतो. यात चूक झाली तर खाचांची खोली व रुंदी बदलते.

आता विजेचा प्रश्न. जुन्या पद्धतीत कॉम्प्रेसर सतत पूर्ण वेगाने चालतो, द्रव गरजेपेक्षा जास्त थंड करतो, आणि मग हीटर तोच द्रव हव्या त्या अंशापर्यंत तापवतो. अचूकता मिळते, पण आधी थंड करण्यास वीज आणि मग तापविण्यासही वीज! याला इस्राफ नाही तर काय म्हणावे? इन्व्हर्टरवरचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे हीटरचे काम बरेच घटते. पंपाचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. बंद नळीत द्रव फिरविणारा पंप ८० टक्के वेगाने चालविला, तर त्याला जवळजवळ निम्मीच वीज लागते.

घरगुती फ्रिजचा साधा थर्मोस्टॅट फक्त चालू आणि बंद एवढेच जाणतो. चिलरचा कंट्रोलर मात्र फरक किती आहे, किती वेळ टिकला आहे आणि किती झपाट्याने वाढतो आहे, हे तिन्ही पाहून हुकूम देतो. या रीतीला पीआयडी म्हणतात.

गुजरातेत धोलेरा येथे टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांच्या चिप कारखान्याची पायाभरणी १३ मार्च २०२४ रोजी झाली. अशा ठिकाणी चिलरची निगा राखणारे हात लागतातच. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तो केलेल्या मुलाने इन्व्हर्टर ड्राइव्ह आणि पीआयडी कंट्रोलर एवढे दोन विषय हाताखाली घालून घेतले, तर औषधांचे आणि प्लॅस्टिकचे कारखानेही त्याला परके राहत नाहीत. चिलर तेथेही आहेत.