रोमचा पाव : गलबतापासून भट्टीपर्यंत

रोमन साम्राज्याचा इतिहास बहुधा सम्राट आणि लढाया यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु सुमारे दहा लाख वस्तीच्या रोम नगरीचे दैनंदिन जीवन समजून घ्यायचे असेल, तर तिच्या पावाचा माग काढणे अधिक फलदायी ठरते. इ.स.पू. १२३ मध्ये लोकाधिकारी (ट्रिब्यून) गायस ग्रॅकसने नागरिकांना ठरावीक स्वस्त दराने गहू देण्याचा कायदा केला आणि इ.स.पू. ५८ मध्ये दुसऱ्या एका ट्रिब्यूनने, क्लोडियसने, तो मोफत केला. लाभार्थींची संख्या पुढे ३,२०,००० वर गेल्यावर ज्युलियस सीझरने ती १,५०,००० पर्यंत खाली आणली. प्रत्येकाला महिन्याला पाच मोदियस, म्हणजे सुमारे ३३ किलो गहू मिळे. मोदियस हे धान्य मोजण्याचे रोमन माप होय.

हा गहू सिसिली, उत्तर आफ्रिका आणि इजिप्तमधून समुद्रमार्गे येई. अलेक्झांड्रियाहून निघालेल्या गलबतांना वारा प्रतिकूल असल्याने इटली गाठण्यास महिना-दोन महिने लागत आणि हिवाळ्यात तर वाहतूक जवळजवळ थांबे. म्हणूनच सम्राट क्लॉडियसने इ.स. ४२ मध्ये टायबर नदीच्या मुखाजवळ नवे बंदर बांधण्यास घेतले व सम्राट ट्रेजनने पुढे त्याला षट्कोनी गोदी जोडली.

तथापि मिळालेला गहू घरी रांधणे सोपे नव्हते. 'इन्सुला' नावाच्या बहुमजली चाळवजा इमारतींतील बहुतेक खोल्यांत भट्टी नसे, त्यामुळे दळण आणि भाजणे ही दोन्ही कामे बेकरीवाल्याकडेच जात. दक्षिण इटलीतील पॉम्पेई शहरात अशा तिसाहून अधिक बेकऱ्या आढळल्या आहेत. तेथील जाते ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाचे असे : 'मेता' हा शंकूसारखा खालचा दगड स्थिर, तर डमरूच्या आकाराचा 'कातिल्लुस' त्यावर फिरे आणि त्याच्या वरच्या तोंडातून गहू वैरला जाई. ते फिरवण्यासाठी घाण्याच्या बैलाप्रमाणे गाढवे जुंपली जात, अनेक ठिकाणी गुलाम माणसेही. २०२३ मध्ये पॉम्पेईत उजेडात आलेल्या एका बेकरीत बाहेर जाण्यास वाटच नव्हती, घराच्या अंतर्भागात उघडणारे दार तेवढे होते आणि लहान खिडक्यांना लोखंडी गज होते; फरशीत जनावरांची पावले ठरलेल्या वर्तुळातून पडावीत म्हणून खाचा कोरलेल्या होत्या.

याच व्यवसायाने काहींना वैभवही दिले. रोमच्या पोर्ता माजोरे या वेशीजवळ युरिसाकेस या बेकरीवाल्याची इ.स.पू. पहिल्या शतकातील समाधी उभी आहे. तो सरकारी ठेकेदार होता आणि बहुधा गुलामीतून मुक्त झालेला असावा. समाधीवरील शिल्पपट्टात दळणे, चाळणे, मळणे, भाजणे आणि अखेरीस पाव तोलणे असा सारा क्रम कोरलेला आहे. आपल्या उपजीविकेची लाज न बाळगता तीच दगडात कोरवून घेणारा हा माणूस रोमन समाजाविषयी कित्येक विजयस्तंभांहून अधिक सांगतो. त्याच परिसरात सापडलेल्या एका कोरीव लेखात अतिस्तिया या पत्नीचे अवशेष पावाच्या टोपलीत ठेवल्याचा उल्लेख असून ती युरिसाकेसचीच पत्नी मानली जाते.

हे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेईतील एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन राहिले, तर शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये सापडलेल्या एका गोल पावावर भाजण्यापूर्वी उमटवलेला शिक्का आजही वाचता येतो : क्विंटस ग्रॅनियस वेरसचा गुलाम, केलेर.