गुंता केसांचा, गाठ समजुतीची

लांबसडक केस हे आपल्याकडे सौंदर्याचे लक्षण मानले जाते. मात्र ते सांभाळणाऱ्या प्रत्येकीला सकाळच्या घाईत कंगव्यात अडकणाऱ्या गुंत्याशी झगडावे लागते. बहुतेक घरांत हा झगडा दहा मिनिटांत संपतो आणि गुंतवळ केराच्या टोपलीत जाते. पण हाच गुंता सोडवायचा राहून गेला की त्याची जट होते, आणि जट म्हणजे देवीचा कौल अशी समजूत असलेल्या घरात एखाद्या मुलीचे सारे आयुष्य त्या गाठीत अडकू शकते. म्हणूनच केस का गुंततात आणि तो गुंता कसा सोडवावा, हे समजून घेणे केवळ सौंदर्यापुरते मर्यादित राहत नाही.

केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू. त्वचेच्या आत असलेले त्याचे मूळ तेवढे सजीव असते. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिनी नसते आणि संवेदनाही नसते. या तंतूवर अतिशय सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे हे खवले एकमेकांवर रचलेले असून त्यांची तोंडे टोकाच्या दिशेने असतात. म्हणून केसावरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर तो गुळगुळीत लागतो, उलट फिरवले तर किंचित खरखरीत वाटतो. खवले नीट बसलेले असतील तर केस एकमेकांवरून घसरतात. ते उचकटले की केसात केस अडकतो.

केस महिन्याला साधारणपणे एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या ७० सेंटीमीटर लांबीच्या केसाचे टोक जवळजवळ ५ वर्षांचे जुने असते. एवढ्या काळात ऊन, धूळ, साबण आणि कंगवा यांचा मारा सोसून तेथील खवले झिजतात आणि नैसर्गिक स्निग्धताही निघून जाते. गुंता खालच्या भागात अधिक होतो त्याचे कारण हेच. शिवाय निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. लांब केसांत हे गळलेले केस खाली न पडता शेजारच्या केसांभोवती गुंडाळले जातात. दोन दिवस केस विंचरले नाहीत तर असे शंभर-दोनशे सुटे केस आत गाठी मारत बसतात. दुचाकीवरचा किंवा लोकलच्या दारातला वारा, कूपनलिकेचे जड पाणी, वारंवार केलेले रंग आणि रासायनिक उपचार, रात्रभर उशीवर होणारे घर्षण या शहरी जीवनातील गोष्टी त्यात भर घालतात.

गुंता सोडवताना होणारी मुख्य चूक म्हणजे मुळापासून कंगवा ओढणे. त्यामुळे वरचे सगळे छोटे गुंते खाली ढकलले जाऊन त्यांची एकच घट्ट गाठ बनते. याच्या उलट क्रम ठेवावा. प्रथम केसांचे चार भाग करावेत. एका भागाची गाठीच्या वरची बाजू मुठीत घट्ट धरावी, म्हणजे ओढ मुळांवर येत नाही. मग टोकाकडील चार बोटे लांबीचा भाग मोकळा करावा आणि हळूहळू वर सरकावे. घट्ट गाठीवर खोबरेल तेलाचे किंवा कंडिशनरचे काही थेंब चोळून थोडा वेळ थांबावे, नंतर बोटांनी एकेक बट बाहेरच्या बाजूने सुटी करावी. कंगवा त्यानंतर, आणि तोही रुंद दातांचा. बारीक दातांच्या फणीचे काम उवा-लिखा काढण्याचे. गुंत्यावर ती चालवू नये.

ओला केस फुगतो, अधिक ताणला जातो आणि सरळ केस या अवस्थेत सहज तुटतो. म्हणून सरळ वा किंचित लहरी केस न्हाण्यापूर्वीच विंचरून घ्यावेत आणि नंतर अर्धवट वाळल्यावर पुन्हा विंचरावेत. दाट कुरळे केस मात्र कोरडे विंचरल्यास अधिक तुटतात. ते ओले व कंडिशनर लावलेले असतानाच सोडवणे सोयीचे. न्हाताना सगळे केस डोक्यावर गोळा करून घोळणे टाळावे. शिकेकाई असो वा शाम्पू, तो टाळूला बोटांनी लावावा आणि पाणी वरून खाली सोडावे. पंचाने केस झटकण्याऐवजी दाबून टिपावेत. रात्री सैल वेणी घातली तर सकाळचे निम्मे काम हलके होते.

आता जटेकडे वळू. लोकर भिजवून, दाबून, घासून तिचा नमदा बनवतात. तेथे तंतूंचे खवले एकमेकांत रुतून बसतात. डोक्यावरही तसेच घडते. दीर्घ आजारपण, अंथरुणाला खिळलेली अवस्था, उवांचा प्रादुर्भाव, मानसिक आजारात स्वतःकडे झालेले दुर्लक्ष अशा कारणांनी केस विंचरायचे राहतात आणि घाम, मळ, तेल यांनी गुंता घट्ट होतो. वैद्यकशास्त्र या अवस्थेला ‘प्लिका पोलोनिका’ म्हणते. मात्र एकदा ‘देवीची जट’ ठरली की तिला कंगवा लावायचा नाही, ती धुवायची नाही, उलट हळद-कुंकू वाहायचे, असा दंडक घातला जातो. परिणामी ती वाढतच जाते आणि तिचे वाढणे हाच दैवी असल्याचा पुरावा मानला जातो.

या समजुतीची किंमत मोठी आहे. मानेवर सतत भार, टाळूला खाज, दुर्गंधी आणि घरातूनच वाट्याला येणारा दुरावा हा त्यातील सौम्य भाग. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि लगतच्या कर्नाटकात जट आलेल्या मुलींना सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडण्याची प्रथा होती. २००९ सालच्या ‘जोगवा’ या चित्रपटाने हे वास्तव मराठी प्रेक्षकांसमोर ठेवले. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. तरीही जटेची भीती कायद्याने जात नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते म्हणूनच घरोघर जाऊन, समजूत घालून, महिलांची जट सोडवण्याचे काम करीत आले आहेत.

ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही. प्लिका पोलोनिका या नावातच पोलंड आहे. तेथील ग्रामीण भागात, जट कापली तर आजार शरीरात उलटतो, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाई. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे वैद्यक प्राध्यापक युझेफ डिट्ल यांनी हा अस्वच्छतेतून होणारा गुंता आहे, हे पटवून देण्यासाठी मोहीम चालवली. पुढे १८६६ मध्ये ते त्या शहराचे महापौर झाले.

लहान, नवी जट तेल लावून धीराने सोडवता येते. जुनी, कडक झालेली जट मात्र कात्रीने कापणे हाच उपाय. कापल्यावर रक्त येईल, अरिष्ट कोसळेल ही भीती निराधार आहे. निर्जीव तंतूतून रक्त येणार कोठून? परंतु त्या स्त्रीची भीती खरी असते. तिच्या संमतीशिवाय कात्री चालवू नये. आधी तिच्याशी आणि घरच्यांशी बोलावे, टाळूला जखम किंवा उवा असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि मन खचलेले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. कामवाल्या बाईंच्या, शेजारणीच्या किंवा गावाकडच्या नातलगाच्या केसांत अशी गाठ दिसली, तर वेळीच बोललेले चार शब्द कात्रीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. केस पुन्हा वाढतात. जटेपायी गेलेली वर्षे परत येत नाहीत.