जांभा आणि काळी माती : एकाच दगडाची दोन लेकरे

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची सगळी मंडळी रत्नागिरीकडे गेलो होतो. बरोबर काका होते. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात त्यांची बालाघाटाच्या उताराची जमीन. समुद्र पाहून मुले नाचत होती. काका मात्र मुक्कामाच्या घरामागच्या परसात उकिडवे बसून लाल माती चिमटीत चुरत होते. मालक जवळ येताच ते म्हणाले, "हा तर निव्वळ मुरूमच हाय की! ह्याच्यात पिकतं तरी काय?" मालक हसून म्हणाले, "आंबा पिकतो, काका. आणि पाऊस पिकतो!"

सारे हसले, पण काकांचा प्रश्न मनात घर करून राहिला. आमच्याकडची जमीन काळीभोर, इथली तांबडीलाल. आमच्या घरांना काळा दगड, इथे विटेसारखा कापलेला, भोकाभोकांचा जांभ्याचा चिरा. जणू दोन वेगळे देशच! वस्तुतः खालचा दगड दोन्हीकडे एकच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर पसरले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा काळा बेसाल्ट तयार झाला. बीडच्या विहिरीत लागतो तो हाच आणि कोकणातल्या बहुतेक जांभ्याखाली असतो तोही हाच.

मग फरक पडला कशाने? पावसाने.

दगड अविनाशी वाटतो, पण तोही कुजतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते आणि दगडाच्या फटींत शिरते. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, सिलिका, लोह आणि अॅल्युमिनियम असे सारे काही असते. पाणी आधी पहिली चार उचलून नेते. त्यांतली बहुतेक तर पिकांच्या तोंडचा घास. पाऊस भरपूर आणि हवा उष्ण असेल, तर मागोमाग सिलिकाही विरघळून जाते. पाण्याला सहजी न बधणारे दोघेच मागे उरतात, लोह आणि अॅल्युमिनियम. लोखंड गंजून लाल होते, तशीच ही जमीन लाल होते.

पण नुसत्या पावसाने चिरा होत नाही. त्याला उन्हाळाही लागतो. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढते, तेव्हा हवा न मिळाल्याने काही लोह विरघळून इकडेतिकडे सरकते. पुढे पाणी खाली उतरते, हवा आत शिरते आणि तेच लोह गाठींच्या रूपाने घट्ट बसते. दर वर्षी ही चढउतार, अशी लाखो वर्षे! हळूहळू गाठी एकमेकींना जुळतात, मधली मऊ माती धुऊन जाते, भोके उरतात. त्याच्या खाली पांढुरकी, शाडूसारखी माती आणि तिच्याही खाली मूळचा काळा दगड. चिरेखाणीच्या खोल कडेला हे थर एकाखाली एक पाहायला मिळतात. वरची माती निघून जांभा उघडा पडला, की उन्हावाऱ्याने तो टणक होतो आणि पुन्हा मऊ होत नाही. कोकणातले सडे, पाचगणीचे टेबललँड, साताऱ्याजवळचे कास पठार ही सारी अशीच टणक कवचे.

या गुणावरूनच त्याला जगभरचे नाव मिळाले. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने 1800-01 मध्ये मलबारात प्रवास केला. तिथे लोक जमिनीतून मऊ दगड कापून काढतात आणि हवेत तो विटेसारखा कडक होतो, हे त्याने पाहिले. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात. त्यावरून 1807 च्या आपल्या ग्रंथात त्याने 'लॅटराइट' हा शब्द वापरला. केरळातल्या अंगाडिपुरम येथे याचे स्मारकही आहे.

आता बीडकडे या. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर आमच्याकडे जेमतेम साडेसहाशे-सातशे. एवढ्याशा पाण्याने दगड कुजला खरा, पण त्यातला ऐवज वाहून गेला नाही. सिलिका राहिली, मॅग्नेशियम राहिले, चुना तर पांढऱ्या खड्यांच्या रूपाने मातीत दिसतो. त्यातून पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी चिकण काळी माती बनली. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावकडे ती खोल, बालाघाटावर मात्र हातभर, कुठे तेवढीही नाही. मुरूम म्हणजे हा प्रवास अर्ध्यावर थांबलेला दगड. काकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते तर! मुरूम आणि जांभा एकाच वाटेवरचे. एक अलीकडच्या मुक्कामावर, दुसरा शेवटच्या.

मग जांभा पाहायला आपण कोकणातच गेले पाहिजे का? नाही. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पुढे बिदरच्या मुलखात जाते. 1956 पर्यंत बीड आणि बिदर एकाच हैदराबाद संस्थानात-राज्यात होते. त्या बिदरचे पठार जांभ्याचे आहे. पंधराव्या शतकात बहामनींनी तिथे किल्ला उभारला, त्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदलेला. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपते आणि खालच्या घट्ट थरावर अडते, हे ओळखून तिथे जमिनीखालून 'करेज' नावाचे पाण्याचे बोगदेही खणले गेले. पण आज बिदरला कोकणासारखा पाऊस कुठे आहे? म्हणजे तिथला जांभा आजच्या हवामानाचा नव्हेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारताची भूमी विषुववृत्ताजवळून उत्तरेकडे सरकत होती आणि इथली हवा उष्ण व दमट होती, त्या काळाची ती खूण मानली जाते.

आपण बीडकर पावसाच्या नावाने बोटे मोडतो, आणि 1972 चा दुष्काळ आठवणारा माणूस दुसरे काय करणार? पण आपल्या मातीची श्रीमंती त्या कंजूष पावसानेच राखली आहे. कोकणाला पावसाने पाणी दिले आणि मातीतला कस नेला. आपल्याकडे त्याने कस ठेवला. मात्र आता तो दुसऱ्याच मार्गाने जातो आहे. कोकणात पाणी कस विरघळवून नेते, त्याला लाखो वर्षे लागतात. आमच्या उतारावर चार तासांचा वळीव अख्खी मातीच उचलून नेतो.

परत आल्यावर काकांनी मला शेताचा वरचा तुकडा दाखवला. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे ज्वारी उभ्या माणसाला झाकत असे. आता नांगराचा फाळ मुरमावर करकरतो. बांध फुटला तो एका पावसाळ्यात, दुरुस्ती लांबत गेली आणि माती ओढ्याने तलावात जाऊन बसली. त्या उन्हाळ्यात काकांनी तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून तुकड्यावर पसरला. खर्च पाहून घरात कुरबुर झाली. काका म्हणाले, "आपलीच माती हाय, भाडं देऊन घरी आणली."

2017 पासून सरकारनेही 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून हेच काम हाती घेतले. ते चांगलेच आहे. पण गेलेली माती भाड्याने आणण्यापेक्षा असलेली बांधाने अडवणे केव्हाही स्वस्त. दगडाची माती व्हायला किती पिढ्या लागतात, हे कोकणातला चिरा हातात घेतला की उमगते. येत्या सुटीत सहलीला जाल तेव्हा मुलांच्या हातात तो जरूर द्या. आणि घरी परतल्यावर आपल्या काळ्या मातीचे ढेकूळही.