लिनक्स कर्नलमधील टायमर-आज्ञावलीचे शुद्धीकरण : एक विवेचन

प्रस्तावना :
रामदासपेठेतील एखाद्या दवाखान्यात वापरला जाणारा अँड्रॉइड फोन असो किंवा पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक असो, दोहोंच्या कार्यप्रणालीचा गाभा लिनक्स कर्नल हाच होय. अनेक कामे ठरावीक मुदतीनंतर करण्यासाठी कर्नल टायमर वापरतो. नेटवर्कवरील संदेशाची पोच वेळेत न आल्यास तो पुन्हा पाठविणे, हे त्याचे परिचित उदाहरण आहे. टायमरच्या आज्ञावलीचे शुद्धीकरण केवळ नीटनेटकेपणासाठी झालेले नसून त्याचा संबंध थेट सुरक्षिततेशी आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जुनी रचना व तिचे दोष :
टायमर म्हणजे स्मृतीतील एक लहानशी नोंद होय. मुदत केव्हा संपते आणि ती संपल्यावर कोणते फंक्शन चालवावयाचे, या त्यातील मुख्य बाबी. जुन्या रचनेत त्या फंक्शनला द्यावयाची एक संख्याही याच नोंदीत असे. बहुतेक ड्रायव्हर आपल्या माहितीचा पत्ता संख्येचे रूप देऊन तेथे ठेवीत. परिणामी पत्ता योग्य प्रकारचा आहे की नाही, हे कंपायलरला तपासता येत नसे. दुसरा दोष अधिक गंभीर होता. शेजारच्या स्मृतीतील लेखन मर्यादेबाहेर गेल्यास हल्लेखोराला फंक्शन आणि त्याला मिळणारी संख्या या दोन्ही बाबी एकाच वेळी बदलता येत.

सुधारणा :
२०१७ मध्ये केस कुक यांच्या पुढाकाराने ही संख्या काढून टाकण्याचे काम झाले. नव्या पद्धतीत फंक्शनला टायमरचाच पत्ता मिळतो व त्यावरून ड्रायव्हर आपली मूळ नोंद शोधतो. हा बदल शेकडो ठिकाणी करावा लागला. त्यासाठी ‘कॉक्सिनेल’ या साधनाचे साहाय्य झाले. जानेवारी २०१८ च्या ४.१५ या आवृत्तीत जुनी पद्धत संपुष्टात आली.

टायमर बंद करण्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता. उपकरण काढताना टायमर रद्द केला, तरी दुसरे एखादे काम तो पुन्हा सुरू करू शके. तोवर त्याची स्मृती मुक्त झालेली असल्यास कर्नल कोसळण्याचा धोका असे. फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ या आवृत्तीत टायमर कायमचा बंद करण्याची सोय झाली. त्यानंतर तो सुरू करण्याची विनंती दुर्लक्षिली जाते. २०२५ मध्ये टायमर रद्द करणाऱ्या फंक्शनांची जुनी नावेही बदलून त्यांत एकसूत्रता आणली गेली.

निष्कर्ष :
या सुधारणांमुळे काही चुका पकडण्याचे काम कंपायलरकडे गेले, तर काही चुकांना वावच उरला नाही. अध्यापनाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या ग्रंथाच्या २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीतील टायमरची उदाहरणे आजच्या कर्नलवर जशीच्या तशी कंपाइल होत नाहीत. ती शिकविताना बदलामागील कारणही सांगितल्यास विद्यार्थ्यांना सुरक्षित रचनेचा मूलभूत धडा मिळेल.