नळीतील बुडबुडा आणि खताची मात्रा

एकाच शेतातील माती नीट मिसळून तिचे दोन भाग प्रयोगशाळेत दिले, आणि एकात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्के तर दुसऱ्यात ०.५५ टक्के निघाला, तर शेतकऱ्याने कोणता आकडा खरा मानावा? नमुना घेण्यात चूक झाली असेल, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधीकधी दोष शेतातला नसून प्रयोगशाळेतील एका वीतभर नळीचा असतो.

कर्ब मोजण्याची वॉकली व ब्लॅक यांची पद्धत १९३४ साली प्रसिद्ध झाली. तीत एक ग्रॅम मातीवर पोटॅशियम डायक्रोमेटचे एक नॉर्मल द्रावण बरोबर १० मि.लि. व त्यावर तीव्र गंधकाम्ल २० मि.लि. घालतात. अर्ध्या तासाने पाणी घालून, शिल्लक राहिलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. जेवढे खर्ची पडले तेवढा कर्ब, असा हा हिशेब आहे. साहजिकच द्रावण मुळात कमी पडले, तर तेही कर्बानेच खाल्ले असे समजले जाते! एका चंबूत अर्धा मि.लि. कमी पडला की कर्ब ०.१५ टक्क्याने अधिक दिसतो. सामान्यतः ०.५० टक्क्याखालील कर्ब कमी व त्यापुढील मध्यम धरतात. म्हणजे भुकेल्या जमिनीला मध्यम ठरवून तिची नत्राची मात्रा घटविली जाते, आणि त्याचा भुर्दंड पिकाला बसतो.

हे द्रावण बाटलीच्या तोंडावर बसविलेल्या डिस्पेन्सरने घालतात. दट्ट्या वर ओढला की आतील नळीतून द्रव चढतो, खाली दाबला की बाहेरच्या नळीतून तेवढाच उतरतो. परंतु आतील नळीचे टोक द्रवाबाहेर राहिले, तिचा सांधा सैल झाला किंवा तिला बारीक चीर गेली, की द्रवाबरोबर हवाही ओढली जाते. म्हणून दट्ट्या सावकाश ओढावा. कामास आरंभ करताना पहिले चार-पाच दाब वेगळ्या भांड्यात सोडावेत आणि नळी उजेडात धरून बुडबुडा नाही ना, ते पाहावे. गंधकाम्ल व डायक्रोमेट रबर खाऊन टाकतात. त्यांना टेफ्लॉनचीच नळी हवी. स्फुरदाच्या परीक्षणातील सोडियम बायकार्बोनेटचे खडे मात्र नळीच्या तोंडाशी पांढरे साचतात. ते सुईने उकरू नयेत, काम संपताच ऊर्ध्वपातित पाण्याने नळी धुवावी. आम्लाच्या डिस्पेन्सरमधील आम्ल आधी पूर्ण उतरवावे, मगच पाणी लावावे. डोळ्यांवर चष्मा असावाच.

अचूकता पाहण्यास चांगला तराजू पुरे. २५ अंश सेल्सिअसला १० मि.लि. ऊर्ध्वपातित पाणी सुमारे ९.९६ ग्रॅम भरते. दहा दाब निरनिराळे तोलावेत. सर्व वजने सारखीच कमी आली तर मोजपट्टीची खूण सरकली आहे असे समजावे. हा दोष मातीविना ठेवलेल्या कोऱ्या चंबूमुळे बराचसा भरून निघतो. वजने वरखाली झाली तर मात्र नळी किंवा झडप तपासावी, कारण एकाच चंबूत शिरलेला बुडबुडा कोरा चंबू दाखवू शकत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही अधूनमधून एकाच मातीचे दोन भाग निरनिराळ्या क्रमांकांनी पाठवून पाहावेत. माती सावलीत वाळवून, ढेकळे फोडून, चाळून एकजीव केल्यावरच ती विभागावी. नाहीतर फरक मातीचाच निघेल आणि बोल नळीला लागेल.