पहिला संगणक जुळवताना काटकसर कुठे करावी?

सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवणाऱ्या नवख्याचे अंदाजपत्रक बहुधा प्रोसेसरपाशीच कोलमडते. बरीचशी रक्कम तेथे खर्ची पडते आणि मग कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर समाधान मानले जाते. ही काटकसर महागात पडू शकते. घरातील २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून प्रत्येक भागाला पुरवण्याचे काम एसएमपीएस करतो. तोच बिघडला, तर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही निकामी होण्याचा धोका असतो.

भागांचा परस्परमेळही तितकाच महत्त्वाचा. एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या मदरबोर्डला डीडीआर-४ रॅम लागते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ ला डीडीआर-५. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, त्यात ग्राफिक्सची सोय नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवल्याखेरीज मॉनिटरवर काहीच दिसत नाही.

मग बचत कोठे करावी? लेखन, अभ्यास, हिशेब अशा कामांसाठी अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरेसा ठरतो. महागडे कार्ड गरजेनुसार नंतरही बसवता येते. कॅबिनेटही साधे चालते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी असो वा ऑनलाइन, सॉकेट आणि रॅमचा प्रकार आधी लिहून ठेवावा. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. त्यामुळे थोड्या सवलतीसाठी पक्के बिल सोडणे शहाणपणाचे नाही.